बावीस मिनिटं उशिरा येणारा सूर्य

दवाखान्यातून फोन आला तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. हे त्यांना पक्कं आठवतं, कारण घड्याळाकडे बघणं हेच त्यांचं काम होतं. बस डेपोत ते टाइमकीपर होते. कोणती गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, किती मिनिटं उशीर झाला, याची नोंद ते एकोणीस वर्षं करत आले होते. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना मिनिटराव म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मिनिटरावांनी समोर उभ्या असलेल्या गाडीची वेळ वहीत लिहिली, ड्रायव्हरची सही घेतली, पेनाला टोपण लावलं आणि मग बदली माणसाला सांगितलं, की बायको गेली, मी निघतो. बदली माणसाने विचारलं, परत कधी येणार. त्याला वाटलं माहेरी गेली. मिनिटरावांनी त्यालाही शांतपणे समजावून सांगितलं. त्यात तीन मिनिटं गेली.

घरी दोन मुली होत्या. थोरली अकरा वर्षांची, धाकटी सात. दोघी शाळेत जात नसत. आईच त्यांना घरी शिकवायची, आणि शिकवायची म्हणजे हातात काहीतरी द्यायची आणि स्वतः गप्प बसायची. एकदा तिने कुलपं दिली होती. उघडून आत काय आहे बघायचं, चित्र काढायचं, परत जोडायचं. तेव्हापासून घरातली तीन कुलपं लागत नव्हती आणि चौथं कुठल्याही किल्लीने उघडत होतं. मिनिटरावांचा या शिक्षणात वाटा एवढाच, की जेवताना 'आज काय केलं' असं विचारायचं आणि उत्तर कळल्यासारखी मान हलवायची.

तिसऱ्या आठवड्यात शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. घरी शिकवणारी व्यक्ती बदलल्यास पत्र मिळाल्यापासून आठ आठवड्यांनी तपासणी होते. तपासणीच्या वेळी मुलांनी स्वतःच्या हाताने केलेला एक प्रकल्प आणि त्याची नोंदवही दाखवावी लागते. समाधान झालं नाही तर पुढच्या सत्रापासून मुलं शाळेत.

पत्राची बातमी मावशीला, म्हणजे मुलींच्या आईच्या धाकट्या बहिणीला, फोनवरून कळली. ती आठशे किलोमीटर लांब राहत होती आणि तिथूनच सगळं नीट दिसतं अशी तिची खात्री होती.

"भाऊजी, शाळेत घाला सरळ. तुम्हाला जमणारंय का हे? ताईची गोष्ट वेगळी होती."

ताईची गोष्ट वेगळी होती हे मिनिटरावांना मान्य होतं. त्यांनी मुलींना विचारलं. थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने विचारलं, शाळेत कुलूप उघडू देतात का. मिनिटरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं की बहुधा नाही. मग त्या दोघी उठून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. कुलूप लागत नसल्यामुळे आतून खुर्ची लावली. त्या खुर्चीचा आवाज ऐकून मिनिटरावांनी ठरवलं, की बायकोने मांडलेलं आपल्या हातून मोडायचं नाही. शिकवता येत नसेल तर निदान तपासणी पार पाडू. डेपोची तपासणी त्यांनी सतरा वेळा पार पाडली होती.

कार्यालयात जाऊन फॉर्म भरावा लागला. 'शिकवणाऱ्याची अर्हता' या रकान्यात त्यांनी 'टाइमकीपर, एकोणीस वर्षं' असं लिहिलं. कारकुनाने विचारलं, यात विषय कोणता येतो. मिनिटराव म्हणाले, वेळ. कारकुनाने यादी वरपासून खालपर्यंत बोट फिरवून पाहिली. वेळ हा विषय यादीत नव्हता. शेवटी त्याने उदार मनाने मिनिटरावांना 'कला व हस्तकला' यात बसवलं.

प्रकल्प कोणता, हे शोधावं लागलं नाही. सूर्याचं घड्याळ करायचं हे आई असतानाच ठरलेलं होतं. थोरलीने फळीवर अर्धवर्तुळ काढून तासांच्या रेघा मारल्या होत्या, धाकटीने त्या रंगवल्या होत्या, आणि मध्ये तिरकी बसवायची काठी म्हणून पडद्याचा गज काढला होता. त्यामुळे पुढच्या खोलीत पडदा नव्हता आणि समोरच्या इमारतीतल्या लोकांना मिनिटरावांचं जेवण दिसत असे. दिसायला त्यात फारसं काही नव्हतं. ताट वाढलं जाई आणि बहुतेक वेळा तसंच उचललं जाई.

घड्याळाला ऊन हवं, म्हणजे गच्ची हवी, म्हणजे सेक्रेटरींची परवानगी हवी. इमारतीचे सेक्रेटरी निवृत्त इंजिनियर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे इंजिनियरिंग फार साठलं होतं. त्यांनी अर्जासोबत नकाशा मागितला. वजन विचारलं. विजेचा भार विचारला. मिनिटरावांनी 'शून्य' लिहिलं. 'मग चालतं कशावर' या प्रश्नावर त्यांनी 'सूर्यावर' लिहिलं, तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं की सौर पॅनेलची वेगळी परवानगी घेतली आहे का. दोन बैठका झाल्या. परवानगी मिळाली, पण अटी पडल्या. काठी टोकदार असल्यामुळे भोवती कठडा हवा. कठडा उभा राहिला आणि त्याच्या गजांची सावली फळीवर पडली. आता घड्याळात एकाच वेळी नऊ, दहा आणि सव्वाअकरा वाजू लागले. कठडा बुटका करायला आणखी एक बैठक लागली. त्या बैठकीत सेक्रेटरींनी मनापासून सुचवलं की लाकडी फळी उन्हापावसात खराब होईल, वर एक छप्पर घालून घ्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांच्या चादरी नेमक्या त्या कोपऱ्यात वाळत. काकूच रोज सकाळी मुलींकडे लक्ष ठेवत, डबा देत, तेव्हा त्यांना दुखवणं शक्य नव्हतं. सोमवारी आणि गुरुवारी सूर्य चादरीमागे राहील, असं ठरलं. खालच्या औषधाच्या दुकानदाराने सांगितलं की असली घड्याळं तयार मिळतात, उगाच त्रास कशाला. या एका सल्ल्यात तथ्य होतं आणि म्हणूनच त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

अखेर एका मंगळवारी घड्याळ चालू झालं. मुलींनी आधी चार दिवस उभ्या काठीची सर्वांत आखूड सावली कुठे पडते ते पाहून जमिनीवर खडूने रेघ मारली होती. फळीची बाराची रेघ त्या खडूच्या रेघेवर बसवली. मिनिटरावांनी आता पहाटेची पाळी मागून घेतली होती, ती संपवून ते साडेअकराला घरी येत. ते गच्चीत गेले, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून उभे राहिले. डेपोच्या वेळेला मिळवलेलं घड्याळ होतं ते. बरोबर बारा वाजले. काठीची सावली अकरा अडतीसवर होती.

"बावीस मिनिटं मागे आहे," थोरली म्हणाली आणि वहीत लिहू लागली.

"पुसून टाक," मिनिटराव म्हणाले. "चुकलंय काहीतरी."

"दिसलं ते लिहायचं बाबा."

मिनिटराव खाली आले. ताट वाढलेलं होतं, ते तसंच ठेवून त्यांनी डोळे मिटले. बावीस मिनिटं. पाच मिनिटं चालली असती. दहा मिनिटं रहदारीच्या नावावर घालता आली असती. बावीस मिनिटं उशीर झाल्यावर डेपोत लेखी खुलासा द्यावा लागतो. तपासणीला येणारा माणूस आधी मनगटाकडे बघणार, मग फळीकडे बघणार, आणि मुली शाळेत जाणार.

दुसऱ्या दिवशी मुली खाली हिशेबाची गणितं संपवत होत्या तेव्हा मिनिटराव कपडे आणायला म्हणून वर गेले. बाराला पाच कमी होती. त्यांनी फळी दोन्ही हातांनी धरली आणि सावली बाराला पाच कमीच्या जागी येईपर्यंत हलकेच फिरवली. मुली बारा वाजता वर आल्या. सावली बाराच्या रेघेवर पडली होती. धाकटीने टाळ्या वाजवल्या. मिनिटराव खाली आले आणि खूप दिवसांनी पोटभर जेवले.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण दुपारी मिनिटराव झोपले असताना थोरलीने पाहिलं की फळी खडूच्या रेघेवरून सरकली आहे. तिने ती परत जागेवर आणली. तिसऱ्या दिवशी मिनिटरावांनी पुन्हा फिरवली, आणि काम अर्धवट ठेवायची सवय नसल्यामुळे खडूची रेघही पुसून नवी मारली. आता बाराला बरोबर येऊ लागलं, पण तीनला चुकू लागलं. सूर्य सकाळभर एका चालीने जातो आणि जेवणानंतर दुसऱ्या, असं दिसू लागलं. मिनिटरावांनी दुपारची झोप सोडली आणि तीनला पाच कमी असतानाही कपडे आणायला जाऊ लागले. काकूंनी विचारलं, भाऊ, तुमच्याकडे एवढे कपडे येतात कुठून. रविवारी त्यांची दिवसभर ड्यूटी असे. रविवारी मुली नव्याने आखूड सावली शोधत, नव्याने रेघ मारत, आणि सूर्य पुन्हा मागे पडे. सोमवारी चादरींच्या आडोशाने मिनिटराव त्याला वेळेवर आणत.

वहीत काय लिहिलं जातंय हे बघायची त्यांची छाती झाली नाही.

घड्याळ चालू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मुलींनी गच्चीवर पीठ पसरलं. कोणीतरी फळी हलवतंय, असं धाकटीचं मत होतं, आणि थोरलीने ते तपासायचं ठरवलं होतं. पिठाला मुंग्या लागल्या, मुंग्या चादरींवर चढल्या, चादरी काकूंच्या घरात गेल्या. पुढचे दोन दिवस डबा जरा आळणी आला. पण पिठात ठसा उमटला होता. डावी चप्पल, नऊ नंबर, टाच आतून झिजलेली. मुलींनी तो कागदावर उतरवून घेतला आणि कागद, पट्टी, पेन्सिल घेऊन इमारतीतल्या बाकीच्या अकराच्या अकरा घरांचे दरवाजे वाजवले. तुमची डावी चप्पल जरा दाखवता का.

औषधाच्या दुकानदाराने दोन्ही दाखवल्या आणि पुढच्या वेळी पिठाऐवजी टाल्कम पावडर वापरा, मुंग्या लागत नाहीत, असं सांगितलं. सेक्रेटरींचा नंबर नेमका नऊ निघाला. टाच जुळली नाही म्हणून ते सुटले, पण आपल्याला ताटकळत उभं करून टाच मोजली याचं त्यांना फार लागलं. संध्याकाळी मिनिटरावांना लेखी पत्र आलं. 'पस्तीस वर्षांच्या सेवेत माझ्या पादत्राणांवर कोणी संशय घेतला नाही' असं त्यात एक वाक्य होतं. मिनिटराव माफी मागायला गेले. जाताना चपला घरीच काढून गेले. तिथे अर्धा तास उभं राहून, आजकालच्या मुलांना मोठ्यांच्या सचोटीवर विश्वास राहिला नाही, हे त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते गच्चीत अनवाणी जाऊ लागले. दुपारी बाराला गच्चीची फरशी कशी तापते हे ज्याने अनुभवलं नाही त्याला त्यांच्या पितृप्रेमाची कल्पना यायची नाही. फळी दोन बोटं फिरवायला चार सेकंद लागत आणि ती चार सेकंद ते आलटून पालटून एकेका पायावर काढत. घरी येऊन बादलीत पाय बुडवून बसत. मुलींनी विचारलं तर म्हणत, डेपोत फार उभं राहावं लागतं.

अशा रीतीने आठ आठवडे पुरे झाले आणि तपासणीच्या बाई आल्या.

बाई साठीच्या जवळ आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या. चार जिने चढून त्या गच्चीत पोचल्या तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. मिनिटरावांनी पहाटेच उठून सगळं जुळवून ठेवलं होतं, आणि पहाटे सावली नसते हे वर आल्यावर त्यांच्या लक्षात आल्यामुळे साडेअकराला पुन्हा जुळवलं होतं. बाई उलट्या बादलीवर बसल्या. बारा वाजले. सावली बारावर आली. बाईंनी मनगटाकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि 'छान' म्हणाल्या. मिनिटरावांनी श्वास सोडला. मग बाईंनी वही मागितली.

त्या वाचू लागल्या. पहिल्यांदा मनात, मग मोठ्याने.

"'मंगळवार. सूर्य बावीस मिनिटं मागे. बुधवार. सूर्याने रात्रीतून बावीस मिनिटं भरून काढली. कशी ते माहीत नाही. रविवार. परत मागे. धाकटी म्हणते सूर्य रविवारी सुट्टी घेतो. हे तपासलं. रविवारी ऊन होतं.'" बाईंनी पान उलटलं. "'फक्त बाबा ड्यूटीवर असतात तेव्हा सूर्याला उशीर होतो.'"

त्यानंतरच्या पानावर चपलेचा ठसा होता आणि अकरा घरांचं कोष्टक होतं. त्याच्या पुढच्या पानावर पावडरीत उमटलेल्या एका अनवाणी पायाचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, 'आता चप्पल नाही. बोटं पाच. चालणारा उड्या मारतो.'

बाईंनी वही मांडीवर ठेवली.

"अकराच घरं? इमारतीत तर बारा घरं दिसतात."

थोरलीने फरशीकडे पाहिलं. बाराव्या घरातल्या चपला मोजल्या आहेत, पण लिहिलेल्या नाहीत, असं ती म्हणाली.

"का नाही लिहिल्या?"

"सावली जुळली की बाबा जेवायचे," थोरली म्हणाली. "नाही जुळली की ताट तसंच ठेवायचे."

काकूंची चादर फडफडत होती. मिनिटरावांना आधी वाटलं, आपण खाली जावं. मग वाटलं, खाली जाऊन तरी काय करणार.

"मीच फिरवत होतो," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

"माहीत आहे," थोरली म्हणाली.

"मला नव्हतं माहीत," धाकटी म्हणाली. ती खरोखर चिडली होती. तिने सेक्रेटरी आजोबांना दोषी ठरवून दहा दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि आता ते सगळं परत सुरू करावं लागणार होतं.

बाईंनी विचारलं, तुम्ही काय काम करता. मिनिटरावांनी सांगितलं.

"म्हणजे उशीर झाला की लिहून ठेवायचं."

"हो."

"दुरुस्त करायचा नाही."

"छे. नोंद बदलली तर नोकरी जाते."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. एकोणीस वर्षांत त्यांनी कुठल्या ड्रायव्हरचं एक मिनिट इकडचं तिकडे केलं नव्हतं. मित्राच्या गाडीला उशीर झाला तरी लिहिला, मंत्र्याच्या भाच्याच्या गाडीला झाला तरी लिहिला. आणि ज्याची गाडी एक दिवस चुकत नाही त्याला मात्र त्यांनी रोज फळी फिरवून वेळेवर आणलं होतं. त्यांचे कान तापले. पायांपेक्षा जास्त तापले.

बाईंनी पिशवीतून फॉर्म काढला. त्यात दोनच चौकोन होते, 'पूर्ण' आणि 'अपूर्ण'. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. घड्याळ सूर्याशी जुळतं की मनगटाशी, याच्याशी कार्यालयाला काही देणंघेणं नाही, असं त्या म्हणाल्या. कार्यालयाला मुलं बघतात का आणि बघितलेलं लिहितात का, एवढंच हवं असतं. मुलींनी बघितलं होतं आणि लिहिलं होतं. एक ओळ लिहिली नव्हती, ती का लिहिली नव्हती तेही त्यांना कळलं होतं. पण एवढ्या दिवसांच्या नोंदी मात्र फुकट गेल्या होत्या. त्या वडिलांच्या नोंदी होत्या, सूर्याच्या नव्हत्या.

त्यांनी 'अपूर्ण' वर खूण केली. मिनिटरावांनी नकळत मनगटाकडे पाहिलं.

"पण प्रकल्प अपूर्ण असेल तर मुलांची मध्येच शाळेत बदली करता येत नाही," बाई फॉर्म भरत म्हणाल्या. "नियम आहे. पूर्ण होईपर्यंत मुली घरीच राहतील. मी दर सत्राला येऊन बघेन." मग त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता विचारलं, "आणि ती बावीस मिनिटं खरी असतील तर ती कुठे जातात?"

मिनिटरावांना माहीत नव्हतं. थोरलीला माहीत नव्हतं. बाईंनाही नक्की सांगता येईना. त्या म्हणाल्या, सापडलं तर मलाही कळवा. खाली उतरताना त्या प्रत्येक जिन्यावर थांबल्या, आणि धाकटीने प्रत्येक जिन्यावर त्यांना विचारलं की तुमच्या गावात सूर्य किती वाजता येतो.

त्या दिवशी सावली जुळण्याची वाट न बघता मिनिटराव जेवायला बसले. समोर थोरली बसून होती, किती खातात ते बघत. त्यांनी सगळं संपवलं.

मग नव्याने सुरुवात झाली. फळी खडूच्या रेघेवर बसवली आणि तिला हात लावायचा नाही असं ठरलं. नोंदवहीत सही करायचं काम मिनिटरावांकडे आलं. बाराच्या ठोक्याला ते मनगटाकडे बघतात, मुली सावलीकडे बघतात, आणि उशीर जेवढा असेल तेवढा लिहिला जातो. तो रोज सारखा नसतो हे आता दिसू लागलं आहे. कधी बावीस, दहा दिवसांनी वीस. सकाळी डेपोत मिनिटराव ड्रायव्हरांशी यावर बोलतात. एका ड्रायव्हरने सांगितलं, लांब पूर्वेकडच्या फेरीला उजाडतं लवकर, घड्याळ तेच असलं तरी. मिनिटरावांनी हे घरी येऊन थोरलीला सांगितलं. तिने भूगोलाच्या वहीतला नकाशा उघडला आणि बराच वेळ बोट ठेवून बसली.

तिचं म्हणणं असं, की सूर्य उशिरा येत नाही. आपण जिथे राहतो तिथे तो नंतर पोचतो, आणि घड्याळ मात्र सगळ्या गावांचं एकच लावलेलं आहे. खरं असेल तर पूर्वेला आठशे किलोमीटरवर, मावशीच्या गावी, हा उशीर दिसायला नको, उलट सूर्य थोडा लवकरच यायला हवा. तपासायचं तर तिथे दुसरी काठी हवी आणि तिथलं माणूस रोज बारा वाजता उन्हात उभं राहायला हवं.

मिनिटरावांनी मावशीला फोन लावला. तिने आधी विचारलं, शाळेत कधी घालताय. मग सगळं ऐकून घेतलं. तपासणी, चपला, अनवाणी पाय, सगळं. मध्ये ती हसली.

"ताईने मला मागच्या वर्षी विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हणाली होती, तुझ्या गच्चीवर एक काठी लावशील का. मी म्हटलं, मला वेळ नाही."

"आता आहे का?"

"भाऊजी, काठी किती उंच लागते ते मुलींना विचारून सांगा."

उंची कळवली आहे. मावशी राहते त्या इमारतीलाही एक सेक्रेटरी आहेत आणि त्यांनी नकाशा, वजन आणि विजेचा भार मागितला आहे. अर्ज गेल्याला आज सोळा दिवस झाले. तिथली काठी अजून उभी राहिलेली नाही.